निशाणी डावा अंगठा

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागे, तिसऱ्या मजल्यावर
आमचं ऑफिस. खिडकीत डोंगर,
एकही झाड नसलेला, जास्त भाजलेल्या विटेसारखा.
एसी इतका, की जूनमध्येही मी शाल घेऊन बसते
आणि करार लिहिते.

लिंबाजी गवारे आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती.
किनवटकडचा, काम मार्बल कापायचं.
खालच्या पाटीवर 'सगरे' वाचून आला,
दोन बस बदलून, दिवसाचा खाडा करून.
आडनावाच्या भरवशावर!
मला हसू आलं, मग नाही आलं.

इथे चिल्लरीला बैसा म्हणतात.
हजार बैशांचा एक रियाल.
आमचे वडील आल्यागेल्याला 'बैसा' म्हणत,
पोथीतल्यासारखं.
मी म्हटलं नाही. तो उभाच राहिला,
चपला दाराबाहेर काढून.

पिशवीतून कागद निघाला.
उजवीकडे अरबी, डावीकडे इंग्रजी, मधे कुठेच तो नाही.
पगार पावला, भरपाई पावली, तक्रार नाही,
यापुढेही करणार नाही.
वाचून दाखवले, समजले, मान्य.

हे कलम माझं आहे.
चार वर्षांपूर्वी, चहा निवायच्या आत लिहिलेलं.
साहेब म्हणाले होते, वा, पाणी शिरायला फट नाही.

वडील जतच्या कचेरीबाहेर दस्त लिहायचे.
अंगठा घेण्याआधी अख्खा कागद मोठ्यानं वाचत,
पूर्वेस ओढा, पश्चिमेस सामाईक बांध,
एखादी म्हातारी वैतागून म्हणे, पुरे की रे दादा, लावते,
तर हे शाईचं पॅड मागे ओढत.
आधी ऐक.
मग खाली कोपऱ्यात: नि. डा. हा. अं.
लहानपणी मला ते कुणाचं तरी नाव वाटायचं.

ताई, कोर्टात जाता येईल?

मी सांगितलं. अर्ज अरबीत लागतो.
भाषांतराचे पानागणिक रियाल, शिक्क्याचे वेगळे.
तारीख पडली की खाडा, आणि तारखा पडतात.
पासपोर्ट? "कंपनीकडं."
तुमच्या बाजूनं उभा राहणारा वकील इथलाच हवा, मी चालत नाही.
आणि (हे मी हळू बोलले)
कंपनी आमची पक्षकार आहे.
तुम्ही खरं तर या खोलीत यायलाच नको होतं.

तो म्हणाला, बरं.
साइटवरही बरं म्हणाला असेल,
इस्पितळातही.

कागद घ्यायला त्यानं डावा हात पुढे केला.
चार बोटं.
अंगठ्याच्या जागी गुलाबी, चकचकीत कातडं.
"मशीनमधी गेला. पोंगलच्या दिशी.
रूममधल्या तामिळ पोरांनी गोड भात केल्ता,
म्हणून ध्यानात हाय."

मी कागद सोडला नाही.
दोघांच्या हातात तो ताणला गेला.
तारीख, नऊ मार्च.
खाली निळा ठसा, ठसठशीत, रेघेला रेघ लागलेली,
आणि आमच्याच टायपिंगमध्ये: डावा अंगठा.

कुणाचा?

पक्षकाराचं गुपित राखावं, हे मला शिकवलंय.
त्याला सोळा मार्क होते.
समोर उभ्या माणसाचं काय करावं,
तो प्रश्न आम्ही सगळ्यांनी ऑप्शनला टाकला होता.

सव्वादोन. जिन्यात साहेबांचं हसणं ऐकू आलं.
मी झेरॉक्सचं बटण दाबलं.
जुनं मशीन, तापायला वेळ घेतं.
तोवर माझीच खुर्ची ओढली त्याच्याकडे
आणि वडिलांच्या आवाजात म्हणाले,
बैसा.

तो म्हणाला, बरं.
बसला नाही.
दाराकडे बघत राहिला,
जिथे त्याच्या चपला होत्या.